वांझ ठरलेली पाच रोपं

थंडी पडली की महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी बाजारात येते. २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ही लालचुटूक पाहुणी मूळची कुठली? ती संकरित आहे. तिची आई दक्षिण अमेरिकेतल्या चिलीची, बाप उत्तर अमेरिकेचा आणि जन्म युरोपातला.

चिलीतले मापुचे लोक मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी शेकडो वर्षं लावत आले होते. ती ताजी खायची, वाळवून ठेवायची, रस आंबवून त्याचं पेय करायचं, अशी त्यांची रीत. १७१२ साली फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी इंजिनीअर स्पॅनिश लोकांच्या किल्ल्यांची हेरगिरी करायला तिकडे गेला. तिथे त्याला अक्रोडाएवढाली फळं दिसली. परतीचा समुद्रप्रवास सहा महिन्यांचा आणि पिण्याचं पाणी मोजून मिळणारं. तरी १७१४ मध्ये पाच रोपं जिवंत फ्रान्सला पोचली.

रोपं वाढली, फुलली, पण फळ काही धरेना. झालं होतं असं, की या जातीत नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या रोपांवर येतात. फ्रेझिएनं मोठी फळं बघून रोपं निवडली, म्हणजे नेमकी मादी रोपं. परागकण देणारं कुणी सोबत आलंच नव्हतं.

पुढे फ्रान्सच्याच ब्रिटनी भागात शेतकऱ्यांनी त्यांच्या शेजारी व्हर्जिनियाची लहान, लाल, सुवासिक स्ट्रॉबेरी लावली. फळं धरली. त्या बियांतून उगवलेल्या रोपांना आईचा आकार आणि बापाचा वास मिळाला. वासात अननसाची झाक होती, म्हणून शास्त्रीय नावात ‘अनानासा’ आलं. हे कोडं १७६६ मध्ये दुशेन या विशीही न गाठलेल्या मुलानं पुस्तक लिहून उलगडलं.

मैत्रिणींनो, रोपांत खोट नव्हती. आपल्याकडे मात्र मूल झालं नाही की आजही पहिलं बोट सुनेकडे जातं. उपास तिनं करायचे, औषधं तिनं घ्यायची आणि डोहाळजेवणाला तिला बोलवायचंही नाही. डॉक्टर सांगतात, तपासणी नवरा-बायको दोघांचीही करा. ही गोष्ट घरात सांगा. फळाच्या निमित्तानं बोलणं सोपं जातं.

आता जरा स्वयंपाकघरात येऊ. स्ट्रॉबेरी आधी धुवा, मगच देठ काढा, नाहीतर आत पाणी शिरतं. जॅमसाठी एक किलो फळाला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस घ्या. या फळात घट्टपणा आणणारं पेक्टिन कमी असतं, म्हणून लिंबू हवंच. चार-सहा कमी पिकलेली फळंही घाला, त्यांत पेक्टिन जास्त असतं. थंड ताटलीत थेंब टाकून बघा. पसरला नाही, तर जॅम झाला. गरम दुधात मात्र स्ट्रॉबेरी घालू नका, आंबटपणानं दूध फाटतं. थंड सायीत साखर घालून कालवा.

पहिली वाटी सुनेच्या हातात द्या.