ऑरगॅनिकचा शिक्का आला कुठून?

आजची गोष्ट एका शिक्क्याची. तूरडाळीच्या पाकिटावर 'ऑरगॅनिक' लिहिलेलं असतं, बाजूला छोटासा लोगो. आपण चार पैसे जास्त मोजतो आणि पुढे जातो. पण शेतकऱ्याच्या शब्दाऐवजी कागद मागायची वेळ आली कधी?

चला इंदूरला. होळकरांच्या. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ तिथं शेती संशोधन संस्था चालवायला गेला. तोवर त्याची भारतात जवळपास वीस वर्षं झाली होती, आणि इथले शेतकरी हेच आपले गुरू, असं तो उघड म्हणायचा. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, पाणी मारायचं, ठरलेल्या वेळी ढीग उलटायचा. तीन महिन्यांत खत तयार! हीच 'इंदूर पद्धत'. १९३१ साली तिच्यावर पुस्तक आलं. त्यावर हॉवर्डसोबत दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. हॉवर्ड जगभर गाजला, वाड मात्र आपल्यालाही माहीत नसतात. असो.

या सगळ्यात प्रमाणपत्र कुठंच नव्हतं, बरं का. कारण धान्य पिकवणारा आणि खाणारा बहुतेक वेळा एकमेकांना ओळखत होते. शिक्का आला तो अंतर वाढल्यावर. जर्मनीत रुडॉल्फ स्टायनरच्या अनुयायांनी १९२८ मध्ये 'डिमीटर' हे चिन्ह आणलं. ब्रिटनच्या सॉइल असोसिएशननं १९६७ मध्ये लेखी नियम केले. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातले शेतकरी एकत्र आले आणि एकमेकांची शेतं तपासू लागले. म्हणजे तपासणारा अजून शेजारीच होता! पुढे बाजार फुगला, तसे सरकारी कायदे आणि फी घेणारे तपासनीस आले.

भारतात राष्ट्रीय कार्यक्रम लागू झाला २००१ च्या सुमारास. गंमत बघा, तो कृषी खात्याचा नव्हता, वाणिज्य खात्याचा होता. डोळा निर्यातीवर. त्यामुळे नियमही तसेच: वर्षायू पिकांना साधारण दोन वर्षं, फळबागांना तीन वर्षं रूपांतराचा काळ. या काळात रासायनिक खत बंद, उत्पन्न घटू शकतं, आणि माल मात्र 'ऑरगॅनिक' म्हणून विकता येत नाही. वर तपासणीची फी, नोंदवह्या, बांधावरून शेजाऱ्याची फवारणी उडून येऊ नये म्हणून सोडलेली पट्टी. दोन एकरवाल्यानं हे एकट्यानं कसं पेलायचं? म्हणून गट करून प्रमाणपत्र घेतात. पण बऱ्याचदा ते कागद गटाच्या किंवा कंपनीच्या हातात राहतात. शेतकऱ्यानं गट सोडला की पंचाईत! ज्यांच्या बापजाद्यांकडून हॉवर्ड शिकला, त्यांनाच आता सिद्ध करत बसावं लागतं.

यावर उपाय म्हणून 'पीजीएस' आली. इथं गावातलेच किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांच्या शेतात जाऊन पाहतात. खर्च अगदी कमी, पण हा कागद निर्यातीला चालत नाही. शेजाऱ्याची चूक वहीत लिहायची म्हणजे उद्या पाणवठ्यावर त्याचं तोंड बघायचं, हीसुद्धा अडचण आहेच.

आणि २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांत एक सूट आहे. छोट्या शेतकऱ्यानं आपला माल थेट खाणाऱ्याला विकला, तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. तिथं कागदाऐवजी आजही समोरासमोरची ओळख चालते.