भुयारातला कुळाचार

श्राद्धाच्या दिवशी मांजर टोपलीखाली झाकणाऱ्या घराची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई मांजर झाकत, कारण ते पानात तोंड घालायचं. सुनेच्या काळात घरात मांजरच उरलं नव्हतं, तर तिने ते शेजारून मागून आणलं आणि झाकलं. जुन्या धाटणीचे म्हणवणारे डंजन-गेम खेळताना ही टोपली पावलोपावली दिसते.

हे गेम साधारण असे असतात. चौकोनी घरांचं भुयार. एका वेळी एकच घर पुढे जायचं, वळायचं तर काटकोनातच. नकाशा मिळत नाही, किंवा अर्धवट मिळतो. हवं तिथे सेव्ह करता येत नाही. दर चार पावलांवर कुठूनतरी सांगाडे उगवतात, आणि चारपाच तास राबून उभी केलेली टोळी एका चुकीच्या दारात खलास होते. खेळणारे कावतात. त्यावर मुरलेल्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं: हा प्रकार असाच असतो, झेपत नसेल तर दुसरं काही खेळा. पण ‘असाच’ म्हणजे कधीपासून आणि कशामुळे, हे विचारलं की बरीचशी मुरलेली मंडळीही गप्प बसतात. कारण प्रत्येक त्रासाला जन्मतारीख आहे, आणि त्यातले बहुतेक जन्मले ते नाइलाजाने.

मूळ पुरुष शोधायचा तर 1974 सालात जावं लागतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं गाव आहे. तिथले गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन यांनी त्या वर्षी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आणला. कॉम्प्युटरचा त्यात संबंध नव्हता. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली माणसं. भुयाराचा खरा नकाशा फक्त पंचाकडे. तो तोंडाने सांगणार, की पुढे तीस फुटांवर बोळ डावीकडे वळतो, आणि खेळणाऱ्यांपैकी एकजण ते ऐकत ग्राफ पेपरवर रेघा ओढणार. नकाशा आपणच काढायचा, हा रिवाज इथला. त्यात जाच नव्हता, कारण पंच समोर बसलेला. त्याला विचारता येई, त्याच्याशी भांडता येई, आणि फारच ताणलं तर तोही एखादं दार किलकिलं करून देई.

पंच कठोर होऊ शकत नव्हता असं नाही. स्वतःला फार शहाणे समजणाऱ्या खेळाडूंची जिरवायला गायगॅक्सने एक थडगं रचलं. 1975 साली ते एका खेळसंमेलनात स्पर्धेसाठी वापरलं गेलं आणि 1978 मध्ये ‘टूम ऑफ हॉरर्स’ नावाने छापलं गेलं. हात घातला की मेलात, पाय ठेवला की मेलात. पण ती स्पर्धा होती, घरगुती बैठक नव्हे. पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी या दोहोंतला फरक विसरून थडगं तेवढं उचललं, असं माझं मत आहे.

इथे थोडं आपल्या अंगणात डोकावू. निजामी मुलुखात, म्हणजे माझ्या बहिणीचं आदिलाबादही ज्यात होतं त्या मुलुखात, 1948 पर्यंत कचेरीची भाषा उर्दू होती. त्या उर्दूतली एक अजस्र भुयारकथा म्हणजे ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने 1883 पासून दहा वर्षांत ती खंडाखंडाने काढली. त्याच सुमारास, 1888 मध्ये, देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ हिंदीत आली. दोन्हींत मायावी वाडे, फसवी दारं, आत गेलेला बाहेर न येणं, सगळं आहे. पण असा तिलिस्म, म्हणजे मायेचा चक्रव्यूह, रचणाऱ्याने तो फोडायची किल्लीही कुठेतरी ठेवलेली असते. होशरुबात ती ‘लौह’ नावाची पाटी असते, नायकाने पुढे काय करायचं ते तिच्यावर उमटत जातं. ज्याच्या नशिबी तिलिस्म फोडणं आहे त्याच्या हाती पाटी पडायचीच. ऐकणाऱ्याला मजा यायची ती नायक वाचतो कसा यात, तो वाट चुकून किती वेळा उपाशी मरतो यात नव्हे. अमेरिकन भुयारात पाटी नव्हती, कारण तिथे पंच होता. मग एके दिवशी पंचही उठून गेला.

तो उठला इलिनॉय विद्यापीठात. तिथे प्लेटो नावाची शिक्षणासाठी उभारलेली कॉम्प्युटर-यंत्रणा होती. एक अवाढव्य यंत्र आणि त्याला जोडलेले असंख्य पडदे. 1975 मध्ये रस्टी रदरफर्ड या गृहस्थाने त्यावर एक भुयार रचलं. त्याच्या फाइलीचं नाव ‘पेडिट5’, अगदी कारकुनी, अभ्यासाची फाइल वाटावी असं. तरी ती सापडली आणि पुसली गेली. यंत्र सगळ्यांचं, जागा चोरीची, त्यामुळे मोजक्याच खेळाडूंची पात्रं त्यात साठवता येत. मेलेलं पात्र ठेवून कशाला जागा अडवायची? ते गेलंच. मरण कायमचं, या नियमाच्या मुळाशी असा जागेचा हिशेब असावा, असं मला वाटतं. त्यामागे तत्त्वज्ञान असल्याचा शोध फार नंतर लागला.

या घराण्याचा खरा कर्ता पुरुष म्हणजे ‘विझर्ड्री’. कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी तो अ‍ॅपल-2 यंत्रासाठी लिहिला आणि 1981 मध्ये सर-टेक कंपनीने विकायला काढला. प्लेटोवरचे भुयारखेळ वुडहेडच्या पाहण्यातले होते. भुयाराचा मालक वेर्डना आणि त्याच्यावर सहा जणांची टोळी सोडणारा माथेफिरू राजा ट्रेबोर, ही नावं त्या दोघांनी स्वतःचीच उलटी करून ठेवली. आजही खेळणाऱ्याला जे जे छळतं ते जवळपास सगळं इथे आहे, म्हणून या खेळाशी जरा थांबू.

यंत्राची मेमरी 48 किलोबाइट. फ्लॉपीवर मावायचे सुमारे 140 किलोबाइट. आज फोनवर आलेला लग्नाच्या पत्रिकेचा फोटोदेखील त्यात बसणार नाही. एवढ्या जागेत दहा मजल्यांचं भुयार, प्रत्येक मजला वीस बाय वीस, म्हणजे चार हजार घरं. पडद्याच्या एका कोपऱ्यात नुसत्या रेघांनी काढलेला बोळ दिसे. हे इतकंसं भुयार महिनोन्‌महिने पुरायचं तर वाट सापडणं अवघडच हवं. मग काय काय केलंय पाहा. काही घरांत पाय पडला की तुमचं तोंड गुपचूप दुसऱ्या दिशेला फिरतं. सगळे बोळ सारखेच, त्यामुळे आपण फिरलो हे कळतही नाही, आणि पुढची वीस घरं ग्राफ पेपरवर चुकीची चढतात. काही घरं तुम्हाला मुकाट्याने तिसरीकडे नेऊन टाकतात. काही भागात मिट्ट काळोख. पूर्वेच्या टोकावरून पुढे गेलं की पश्चिमेच्या टोकाला निघतं, म्हणजे कागदाला कड असते पण भुयाराला नसते.

उपाय होता, नाही असं नाही. ‘डुमापिक’ हा मंत्र म्हटला की आपण कितव्या घरात आहोत ते आकड्यांत कळे. मंत्राचं नाव माहितीपुस्तिकेत बघून अक्षर न चुकता टाइप करायचं. ‘मालोर’ मंत्राने थेट हव्या त्या घरात उडी घेता येई, मात्र आकडा चुकून भरीव दगडात उतरलात तर सहाच्या सहा जण कायमचे गेले. साधं मरण आलं तर देवळात पैसे भरून उठवता येई, तेही जमेलच असं नाही. नाही जमलं तर प्रेताची राख होई. राखेवर पुन्हा पैसे, पुन्हा प्रयत्न, आणि तोही फसला तर नाव यादीतून गायब. पुरोहिताची दक्षिणा दोन्ही वेळा ठेवून घेतली जाई, हे वेगळं सांगायला नको. सगळी टोळी गारद झाली तर प्रेतं भुयारातच पडून राहत. ती आणायला नवी टोळी उभी करायची आणि तिला शिकवून त्याच मजल्यापर्यंत न्यायची.

कोण मेलं ते खेळ लगेच फ्लॉपीवर लिहून टाकायचा. खेळाडूंनी त्यावर तोड काढली, ती आजच्या शुद्धतावाद्यांना ऐकवायला हवी. लढाई हातची जातेय असं दिसलं की ड्राइव्हची खिटी उघडून फ्लॉपी उपसायची, लिहू म्हणून द्यायचं नाही. शिवाय फ्लॉपीची एक प्रत आधीच काढून ठेवलेली असायची. म्हणजे कायमच्या मरणावर जुन्या पिढीचं प्रेम होतं ही निव्वळ थाप आहे. पहिल्या दिवसापासून लोक त्यातून पळवाटा काढत आले.

1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी ‘रोग’ रचला. त्यात पुढे बर्कलेचा केन आर्नल्डही आला. तिथे मात्र कायमच्या मरणाला नवं कारण मिळालं. भुयार दर खेपेला नव्याने घडत असे, म्हणून पुन्हा सुरुवात करणं म्हणजे तेच दळण दळणं नव्हतं. सेव्ह केलेली फाइल उघडली की खेळ ती पुसून टाके. हा नियम त्या घरात शोभतो. ज्या भुयाराची एकही भिंत बदलत नाही तिथे तो आणून बसवणं म्हणजे शेजारचं मांजर.

जपानमध्ये विझर्ड्री 1985 मध्ये पोचला आणि तिथेच खरा रुजला. 1986 चा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा त्याचाच वारस. त्याच्या कॅसेटमध्ये काही साठवायची सोय नव्हती, म्हणून राजा तुम्हाला वीस अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ देई. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी टाइप करायचा. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात तो 52 अक्षरांपर्यंत लांबला. दोन सारखी दिसणारी अक्षरं उतरवताना घोटाळा झाला की सगळी कमाई बुडाली. 1988 च्या तिसऱ्या भागात कॅसेटमध्ये बॅटरी आली आणि मंत्र गेला. त्याच्या आठवणीने गळा काढणारा मला अजून भेटलेला नाही. बॅटरी परवडली त्या दिवशी हा कुळाचार संपला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

एकेका घराने चालण्याचंही तसंच. 1987 च्या ‘डंजन मास्टर’ने भुयारातली पाळी-पाळीची लढाई काढून टाकली, राक्षस आता तुमच्यासाठी थांबेना. पण चाल घराघराचीच राहिली, कारण प्रत्येक भिंत आधी चितारून ठेवावी लागे, नजर मोकळी फिरवण्याइतकं बळ यंत्रात नव्हतं. 1992 च्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ने ते बळ दाखवलं, नकाशाही आपोआप काढून दिला, वर त्यावर टिपणं लिहायची सोय केली. पुढच्या वर्षी ‘डूम’ आला आणि चौकोनी भुयारं ओस पडली.

ती पुन्हा गजबजली 2012 मध्ये, फिनलंडमधल्या मूठभर माणसांच्या ‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’मुळे. त्यापाठोपाठ अशा गेमची रीघ लागली. यातलाच एक गेम माझ्या भाच्याच्या हाती लागला. बहिणीचं घर आदिलाबादला. उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात उर्दूमिश्रित काहीतरी. मुलगा इंजिनिअरिंगचा, कॉम्प्युटर जुना, यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली. मी गेलो तेव्हा तो नुसता धुमसत होता.

“मामा, दोन तास झाले होते. सेव्हचा दगड पुढच्याच वळणावर, अन् लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून! याला काय गेम म्हणतेत?”

त्याच्याशेजारी दहावीच्या गणितातले उरलेले ग्राफ पेपर पडले होते. हिरव्या बारीक चौकटींवर पेन्सिलने भिंती, लाल पेनाने सापळे, एका कोपऱ्यात तेलुगूत काहीतरी टिपण. इंग्रजी कोडी जुन्या बायबली थाटाची, तीन ठिकाणी अडलेली. नकाशाबद्दल मात्र त्याची तक्रार नव्हती, उलट त्याने तो मला बोट ठेवून-ठेवून दाखवला. इथे एक गुप्त खोली असणार, कारण चारी बाजूंनी बोळ आहे आणि मधली दोन घरं कोरी राहतात. हे त्याला खेळाने सांगितलं नव्हतं, कागदाने सांगितलं होतं.

नाइलाजाने जन्मलेले सगळेच रिवाज टाकाऊ नसतात, ते इथे दिसतं. हे जपानी कंपनी अ‍ॅटलसने ओळखलं. 2007 च्या ‘एट्रियन ओडिसी’त त्यांनी निन्टेन्डो डीएसचा खालचा पडदाच कोरा कागद करून टाकला, भिंती आपण कांडीने ओढायच्या. ग्रिमरॉकने आपोआप निघणारा नकाशा दिला आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी तो बंद करणारा जुना प्रकारही ठेवला. पण सेव्ह अडवून धरण्याचं तसं नाही. ज्याच्याकडे दिवे जात नाहीत त्याला ती शिस्त वाटते, आणि ज्याच्याकडे जातात त्याचे फक्त दोन तास जातात. माझा कल भाच्याकडे आहे.

खुद्द विझर्ड्रीचीही नवी आवृत्ती डिजिटल इक्लिप्स या कंपनीने 2024 च्या मे महिन्यात पुरी केली. भुयार तेच, चार हजार घरं तीच. नवीन चित्रांच्या एका कोपऱ्यात अ‍ॅपल-2 चा मूळ रेघांचा पडदाही सोबत चालू ठेवता येतो. नकाशा आपोआप निघतो. आणि जुन्यातले कितीतरी जाचक नियम एकेक करून चालू-बंद करायची बटणं दिली आहेत. भाच्याला मी तो गेम सुचवला. त्याने किंमत बघितली आणि विचारलं, “मामा, लाईट गेल्यावर काय होते ते लिहिलंय का कुठं?”