बलवान पोकेमॉन कसा घडतो: लपलेल्या आकड्यांचा इतिहास

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन डीसी येथे पोकेमॉन या व्हिडिओ गेमची जागतिक स्पर्धा झाली. ती दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने जिंकली. त्याच्या संघात पाचिरिसू नावाची एक विजेची छोटी खार होती. स्पर्धेच्या दृष्टीने तोवर तिला कुणी मोजतही नव्हते. तिच्या सहा मूळ गुणांची बेरीज ४०५ आहे, आणि त्या काळी बहुतेक संघांत दिसणाऱ्या गारचॉम्प या ड्रॅगनची ६००. एवढ्या दुबळ्या प्राण्याला घेऊन कुणी जगज्जेता कसा होतो, हे समजायचे असेल तर आधी 'बलवान' या शब्दाचा या खेळातला अर्थ कसा बदलत गेला ते पाहावे लागेल.

आपल्यापैकी बहुतेकांची पोकेमॉनशी ओळख टीव्हीवरच्या कार्टूनमधून झाली. मूळ वस्तू मात्र गेम आहे. 'रेड' आणि 'ग्रीन' हे पहिले दोन गेम २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्तेंदोच्या गेमबॉय यंत्रासाठी आले. ते घडवणाऱ्या 'गेम फ्रीक' कंपनीचे संस्थापक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. दोन गेमबॉय केबलने जोडता येतात हे पाहिल्यावर त्यांच्या मनात त्या केबलमधून किडे इकडून तिकडे जाऊ लागले, अशी या खेळाच्या जन्माची कथा सांगितली जाते. आता गोळा केलेल्या प्रत्येक किड्यात थोडा तरी फरक हवा, नाहीतर अदलाबदलीत मजा काय? म्हणून एकाच जातीच्या दोन पोकेमॉनमध्ये जन्मजात फरक ठेवला गेला, आणि तो खेळाडूला न दिसणाऱ्या आकड्यांत लपवला गेला.

मी दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवतो, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे. गेमबॉयची कामाची मेमरी ८ किलोबाइट होती. साठवणीच्या पेटीत ठेवलेला एक पोकेमॉन ३३ बाइटमध्ये बसवलेला असे. त्यात जन्मजात गुणांच्या वाट्याला फक्त दोन बाइट, म्हणजे १६ बिट. हल्ला, बचाव, वेग आणि 'स्पेशल' या चार गुणांना प्रत्येकी चार बिट, म्हणजे ० ते १५ पर्यंतचा आकडा. पाचवा गुण प्राणशक्ती. त्याला जागाच उरली नाही. मग तो या चार आकड्यांच्या शेवटच्या बिटांवरून काढला गेला: हल्ल्याचा आकडा विषम असेल तर ८, बचावाचा असेल तर ४, वेगाचा असेल तर २ आणि स्पेशलचा असेल तर १. एका बाइटचीही उधळपट्टी नाही. आजच्या मुलांना हे कंजूषपणाचे वाटते. मला ते सुंदर वाटते.

या काटकसरीचे परिणाम पुढे विचित्र झाले. १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' मध्ये नर-मादी भेद आला, पण त्यासाठी नवा बिट दिला नाही. हल्ल्याचा आकडा ठरावीक मर्यादेपर्यंत असेल तर मादी, त्याहून जास्त असेल तर नर. ज्या जातींत नर-मादी निम्मे निम्मे, तिथे मादीचा हा आकडा ० ते ७ आणि नराचा ८ ते १५. म्हणजे एकाच जातीतली कुठलीही मादी जन्मजात हल्ल्यात कुठल्याही नरापेक्षा कमीच. तसे मुद्दाम ठरवल्याचे दिसत नाही. बिट वाचवण्याच्या नादात ते घडून गेले. प्रणालीत पूर्वग्रह असाही शिरू शकतो, आणि तो आकडे उघड्यावर नसतील तर बराच काळ कुणाच्या लक्षातही येत नाही.

खरी उलथापालथ २००२ मध्ये 'रूबी' आणि 'सफायर' ने केली. नव्या यंत्रावर जागा वाढली होती. जन्मजात आकडा आता ० ते ३१ झाला आणि सहाही गुणांना स्वतंत्र मिळाला. खेळाडूंमध्ये याला 'आयव्ही' म्हणतात. सरावाने मिळणाऱ्या गुणांना, म्हणजे 'ईव्ही'ला, एकूण ५१० ची मर्यादा आली. शिवाय २५ स्वभाव आले. त्यांतले बरेचसे एक गुण दहा टक्के वाढवतात आणि दुसरा दहा टक्के घटवतात, पाच काहीच करत नाहीत. पहिल्या दोन पिढ्यांत पुरेसा वेळ दिला की सगळे गुण टोकापर्यंत नेता येत होते. आता एका गुणात उपयोगी पडतील असे जास्तीत जास्त २५२ ईव्ही, म्हणजे दोनच गुण पूर्ण भरता येतात. एकात ओतायचे तर दुसऱ्यात कमी करायचे. अभियांत्रिकीत याला आपण बंधनाखालचे डिझाइन म्हणतो. माझ्या मते स्पर्धात्मक पोकेमॉनचा जन्म या वर्षी झाला, १९९६ मध्ये नव्हे.

हिशोब करून पाहू. वेगाचे सूत्र असे: मूळ गुणाची दुप्पट, अधिक आयव्ही, अधिक ईव्हीचा चौथा हिस्सा, याला लेव्हलने गुणून १०० ने भागायचे, ५ मिळवायचे, मग स्वभावाचा परिणाम लावायचा. प्रत्येक पायरीला अपूर्णांक सोडून द्यायचा. गारचॉम्पचा मूळ वेग १०२. स्पर्धेतली लेव्हल ५०. आयव्ही ३१, ईव्ही २५२, वेगवान स्वभाव: २०४ + ३१ + ६३ = २९८; निम्मे १४९; अधिक ५ म्हणजे १५४; दहा टक्के वाढवून १६९. आयव्ही ३० असेल तर उत्तर १६८. फरक एकाचा. पण समोरही गारचॉम्पच असेल आणि दोघे १६९ वर असतील, तर आधी कोण हल्ला करणार याची नाणेफेक होते. तुमचा १६८ असेल तर तुम्ही कायम दुसरे. आणि गंमत म्हणजे, याच सूत्रात ईव्ही शून्य ठेवून पाहा: ३० आणि ३१ दोन्हींचे उत्तर १३४ येते. सराव होईपर्यंत लेव्हल ५० वर फरक दिसतच नाही.

सराव म्हणजे काय? झुबात नावाचे वटवाघूळ हरवले की वेगाचा १ ईव्ही मिळतो. २५२ हवे असतील तर २५२ वटवाघळे. वेग दुप्पट करणारी साधने होती, तरी हे काम तासन्‌तासांचे. त्याआधी योग्य पिल्लू मिळायला हवे. सहाही आयव्ही ३१ असण्याची शक्यता ३२ च्या सहाव्या घातात एक, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ मध्ये एक. म्हणून खेळाडू नर-मादी ठेवून अंडी उबवत बसत. शिवाय हे आकडे गेम थेट दाखवत नसे. हौशी लोकांनी गेमचा कोड उलगडून सूत्रे काढली आणि तक्ते मांडले. ज्याला ते ठाऊक, तो पुढे. म्हणजे स्पर्धेच्या मैदानात पाय ठेवण्याआधी दोन प्रवेशशुल्के होती: माहिती आणि मोकळा वेळ. नोकरी करणारा किंवा परीक्षा तोंडावर असलेला खेळाडू कितीही हुशार असला तरी ती कुठून भरणार?

पुढची वीस वर्षे कंपनीने ही शुल्के हप्त्याहप्त्याने कमी केली. २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय' मध्ये सरावाचे गुण आलेखात दिसू लागले. 'डेस्टिनी नॉट' ही वस्तू दिली की आईवडिलांच्या बारा आयव्हींपैकी पाच पिल्लात उतरू लागल्या. दोघेही परिपूर्ण असतील तर परिपूर्ण पिल्लाची शक्यता ३२ मध्ये एक. २०१६ मध्ये कमी आयव्हीचा पोकेमॉन लेव्हल १०० वर नेऊन विशेष प्रशिक्षणाने ३१ सारखा करता येऊ लागला. २०१९ मध्ये स्वभावाचा परिणाम बदलणारा पुदिना आला. २०२२ च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' मध्ये तेच प्रशिक्षण लेव्हल ५० वरच मिळू लागले. पुष्कळ जुने खेळाडू यावर कुरकुरले. मला ती कुरकुर पटत नाही: वटवाघळे मोजणे हे कौशल्य नव्हते.

मग कौशल्य कोणते? पाचिरिसूकडे परत या. स्पर्धेत दोन विरुद्ध दोन लढत असते. पार्कच्या संघात गायराडॉस होता, आणि त्याला विजेच्या हल्ल्याची भीती. पाचिरिसूकडे 'फॉलो मी' ही चाल आहे. ती वापरली की समोरच्यांचे एकावर रोखलेले हल्ले साथीदाराऐवजी तिच्यावर येतात. आणि तिच्या अंगच्या 'व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब' या क्षमतेमुळे विजेचा हल्ला तिला लागत तर नाहीच, उलट प्राणशक्ती भरून येते. मूळ बेरीज ४०५ असो वा ६००, हे काम गारचॉम्प करू शकत नाही. दुसरे उदाहरण याहून टोकाचे. २००६ पासून 'ट्रिक रूम' ही चाल आहे. तिच्या प्रभावाखाली पाच फेऱ्या सर्वांत मंद प्राणी आधी हल्ला करतो. त्या संघासाठी वेगाची आदर्श आयव्ही ३१ नव्हे, ० आहे.

तरीही सगळे शुल्क संपले नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानमधल्या योकोहामा येथील जागतिक स्पर्धेत काही खेळाडू बाद झाले. त्यांचे पोकेमॉन बाहेरच्या सॉफ्टवेअरने तयार केलेले आढळले. लक्षात घ्या, असा पोकेमॉन प्रामाणिक पोकेमॉनपेक्षा बलवान असायची गरज नसते. आयव्ही तीच ३१, ईव्ही तेच २५२. चोरी होते ती तासांची, आणि पैशांचीही: त्या वर्षी चालणारे काही पोकेमॉन जुन्या गेममधून आणावे लागत, म्हणजे जुना गेम विकत घ्या किंवा कुणाकडून अदलाबदलीत मिळवा. अदलाबदलीत मिळालेला प्राणी कुठून आला हे त्याच्या आकड्यांवरून खेळाडूला कळत नाही. वर्गात हा विषय निघाला की मुले दोन गटांत विभागली जातात. एक गट नियम म्हणजे नियम म्हणतो. दुसरा विचारतो, की ज्याने अदलाबदलीत मिळालेला गायराडॉस न ओळखता वापरला, त्याचे काय? तुम्ही परीक्षक असता तर काय ठरवले असते, ते दोन परिच्छेदांत लिहून आणा. त्याआधी पाचिरिसूचा लेव्हल ५० वरचा जास्तीत जास्त वेग वरच्या सूत्राने काढा. तिचा मूळ वेग ९५ आहे.