दिनविशेष : २७ ऑक्टोबर – सर्व्हेटसला मृत्युदंड
१५५३ : स्पॅनिश वैद्य आणि धर्मचिंतक मायकेल सर्व्हेटस यांना जिनिव्हाजवळच्या शांपेल येथे जिवंत जाळण्यात आले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत त्यांनी नाकारला होता. बायबलमध्ये तो सापडत नाही, असे त्यांनी १५३१ मध्येच विशीच्या उंबरठ्यावर ग्रंथ लिहून मांडले. येशू देवाचा पुत्र आहे, हे त्यांना मान्य होते. मात्र तो पुत्र म्हणून अनादी आहे, हे मान्य नव्हते. त्याबद्दल जिनिव्हात चाललेल्या खटल्यात धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांच्याशी त्यांचा लेखी वाद झाला. ३२५ च्या निकिया येथील ख्रिस्ती धर्मपरिषदेपूर्वीचे आयरेनियस आणि टर्टुलियन हे ख्रिस्ती लेखक दोघांनीही आपापल्या बाजूने पुढे केले. नगरसभेने मात्र शिक्षा ठोठावून हा वाद संपवला.

त्यांच्या १५५३ च्या ग्रंथात हृदयाकडून फुप्फुसांत जाऊन परतणाऱ्या रक्ताचे वर्णनही होते. तो ग्रंथही जाळला गेला; मूळ आवृत्तीच्या तीनच प्रती उरल्याचे ज्ञात आहे. पुढच्याच वर्षी सेबास्टियन कॅस्टेलिओ यांनी पाखंडाबद्दल देहदंड देण्याविरुद्ध लेखणी उचलली. १९०३ मध्ये कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी शांपेल येथे प्रायश्चित्ताचा स्मृतिस्तंभ उभारला. श्रद्धेच्या प्रश्नांची उत्तरे ग्रंथ उघडून, युक्तिवादानेच शोधायची असतात. त्यासाठी कोणाचा जीव घेणे हा अधर्मच होय.