किल्लारीचे खण

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जन उरकून लोक झोपी गेलेले असताना, किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादमधली सुमारे आठ हजार माणसे नेली. दोष काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या जाड भिंतींवर आला आणि तो खराच होता. आतल्या-बाहेरच्या दोन थरांना सांधणारे आरपार दगड भिंतीत नसत. हादरा बसताच थर फुगून सुटले. माळवदावर, म्हणजे सपाट धाब्यावर, वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीचे ओझे वेगळेच. पण ते माळवद भिंतींवर नव्हे, लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर पेललेले असे. कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी खणांचा सांगाडा उभा राहिला. वास्तुरचनाकाराने आधी वाचायला हवा होता तो हाच पुरावा. संकटानंतरचे बांधकाम, काय पडले याइतकेच काय टिकले यावर उभे राहायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

घडले बरेचसे उलट. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर ठरले. चौकटीत आखलेल्या रुंद रस्त्यांमुळे गावठाण कितीतरी पट पसरले. ढाळज म्हणजे दारालगतची बैठकीची जागा, भावकीची एकमेकांना लागून असलेली घरे, जनावरे आणि कडब्याची जागा यांना आराखड्यात फारसे स्थानच नव्हते. मग लोकांनी पक्क्या घराशेजारी पत्र्याची शेड घातली. जी गरज नकाशात दिसायला हवी होती, ती अशी अंगणात उगवली.

यावर आक्षेप असा, की स्थलांतर लोकांनीच मागितले होते. ज्या ढिगाऱ्यातून घरची माणसे काढली, तिथे पुन्हा चूल मांडा, असे कोण कोणाला सांगणार? ही भीती मी कमी लेखत नाही. पण जागा बदलण्याची मागणी म्हणजे शेजार मोडण्याची मागणी नव्हे. नव्या माळावरही भावकीचा चौक आणि अरुंद सावलीचा बोळ आखता आला असता. घाई होती, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर पुनर्वसनाच्या त्याच कार्यक्रमाने दिले. कमी नुकसान झालेल्या गावांत सुमारे दोन लाख घरांची जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण हाती घेतले गेले. माळवदाची माती उतरवणे, भिंतीत आरपार दगड घालणे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके टेकू देणे अशी ती कामे. गावच्या गवंड्या-सुतारांना जमणारी. त्यातच प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदान कशासाठी, कोणते काम आधी, हे त्या घरोघरी समजावू लागल्या. आरेखनाच्या दृष्टीने हे काम साधे दिसते, छायाचित्रात उठून दिसत नाही. तरी नव्या वसाहतींपेक्षा खरी वास्तुविद्या मला इथेच दिसते, कारण घर कसे उभे राहते हे इथे घरात राहणाऱ्यालाच कळत गेले आणि पुढची खोली वाढवताना ते ज्ञान त्याच्या हाताशी राहिले.