तळटीप : पानखत

१. येथे अभिप्रेत असलेले पानखत नुसत्या वाळल्या पानांचे असते. त्यात शेण किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा पडत नाही. कंपोस्टचा ढीग जिवाणूंमुळे तापतो, पानखत मात्र मुख्यतः बुरशी सावकाश, थंडपणे घडवते. फाल्गुन-चैत्रातला पाचोळा (जो आपल्याकडे अजूनही पेटवून दिला जातो, हे फार वाईट) भोके पाडलेल्या गोणीत दाबून भरावा, पाणी शिंपडून सावलीत ठेवावा. उन्हाळाभर ओल मोडू देऊ नये. आंबा-फणसाची चिवट पाने आधी चुरडून घ्यावीत, नाहीतर दुसरा पावसाळा उलटला तरी ती तशीच सापडतात. नत्र यात बेताचेच. गुण आहे तो पाणी धरून ठेवण्याचा, म्हणून कुंडीच्या मातीत तिसरा हिस्सा खुशाल मिसळावे.