दाखल नोंदवहीपासून युनिकोडपर्यंत

समजा, भोकरदनच्या एखाद्या वाचनालयात कॉलेजचा एक पोरगा येतो आणि टेबलामागच्या माणसाला विचारतो, "काका, आपल्या गावाचा इतिहास कशात सापडेल?" प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र साधं नाही. आणि गेल्या शंभरेक वर्षांत असं उत्तर शोधायची हत्यारं किती वेळा बदलली, दर वेळी ती कुणी आणि कशाच्या जोरावर शिकून घेतली, हा इतिहास तर फारसं कुणी सांगतच नाही. १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या जयंतीला फोटोला हार घातला, चहा झाला, दोन भाषणं झाली, की ग्रंथपालाचा विषय वर्षभरासाठी संपतो. म्हणून आज जरा सविस्तर.

आधी त्या पोराचं उत्तर देऊन टाकू. केळणा नदीकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांसाठी ज्यांनी दानं दिली, त्यांची नावं आणि गावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं इतकी दूर जाऊन दानधर्म करण्याइतकी सधन होती. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे गाव. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथं उत्खनन केलं. देव आणि गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९७४ मध्ये इंग्रजीत निघाला. या उत्खननात हस्तिदंताची एक भंगलेली स्त्रीमूर्ती सापडली. आता गंमत बघा. इटलीतलं पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती मिळाली होती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनची मूर्ती तिच्याशी इतकी मिळतीजुळती निघाली, की पाँपेईची मूर्ती याच परिसरात घडली असावी असं काही अभ्यासकांना वाटू लागलं.

एवढा मोठा वारसा! पण तो आहे कुठं? विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या एका इंग्रजी अहवालात. तालुक्याच्या गावातल्या वाचकाला तो हातात मिळणं अवघडच. पुस्तक आणि वाचक यांच्यामधलं हे अंतर कापणं, हेच तर ग्रंथालयातल्या माणसाचं काम.

हे काम शिकवावं लागतं, हे आपल्याकडे फार लवकर ओळखलं ते सयाजीराव गायकवाडांनी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याचा राजा झाला. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं. मेल्विल ड्यूईने कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांसाठी जी शाळा काढली होती, तिथं बॉर्डनने शिकवलेलं होतं. त्याने बडोद्यात ग्रंथालय-सेवकांसाठी वर्ग काढला. खेड्यांसाठी लाकडी पेट्यांमधून फिरती वाचनालयं सुरू झाली. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघू लागलं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत! म्हणजे ग्रंथालय चालवण्याचं त्या काळातलं 'नवं तंत्र' शिकायला मराठी मजकूर शंभर वर्षांपूर्वी उपलब्ध होता. ही गोष्ट पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

भोकरदन मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. सभा घ्यायची तर परवानगी काढायची. अशा वातावरणात मराठी वाचनालय चालवणं हे निव्वळ पुस्तकं देण्या-घेण्याचं काम उरत नाही. भाषा टिकवायची ती एक जागा होते. मराठवाड्यातल्या कितीतरी वाचनालयांचा जन्म या भावनेतून झाला. तिथं ग्रंथपाल म्हणजे पगारी माणूस नव्हेच, कार्यकर्ताच. कपाटाची किल्ली, दाखल नोंदवही आणि स्मरणशक्ती ही त्याची तीन हत्यारं. कुठलं पुस्तक कुठं आहे ते त्याच्या डोक्यात. तो आजारी पडला की कॅटलॉग बंद!

बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे ग्रंथालयाचा कायदा मराठवाड्याला महाराष्ट्राच्या कायद्याच्या आधीच मिळाला. हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. पुढच्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६७ चा. त्यातून ग्रंथालय संचालनालय, जिल्हा ग्रंथालयं, अनुदान आणि ते आपल्या ओळखीचे अ, ब, क, ड वर्ग आले. काही राज्यांत लोकांकडून ग्रंथालय-कर घेऊन ग्रंथालयं चालतात. आपण तो मार्ग घेतला नाही. लोकांनी संस्था काढायची आणि सरकारने अनुदान द्यायचं, अशी आपली पद्धत. त्यामुळे गावोगाव वाचनालयं झाली, आज राज्यात अशी हजारो आहेत. पण तिथं काम करणारा माणूस धड सरकारी नाही आणि धड खाजगीही नाही, असा मध्येच लोंबकळत राहिला.

याच काळात तो दुसरं हत्यार शिकला, कार्डांचा कॅटलॉग. जिल्हा ग्रंथालय संघाच्या प्रमाणपत्र वर्गात जायचं, रंगनाथनांची पंचसूत्री पाठ करायची (ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे) आणि मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ हे डोक्यात बसवायचं. कार्डांमधलं सगळ्यात हुशार कार्ड कुठलं माहितीये? 'पाहा' कार्ड. वाचक 'कुसुमाग्रज' शोधत येतो, तर तिथं कार्ड असतं: 'पाहा: शिरवाडकर'. ग्रंथालयाने कुठलंही एक नाव ठरवावं, पण वाचकाने दुसरं नाव उच्चारलं म्हणून तो रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. सगळी ग्रंथपालकी या एका कार्डात आहे, असं मला वाटतं.

मग आला कॉम्प्युटर. आणि इथं मराठी ग्रंथालयांची खरी परीक्षा झाली. इंग्रजीवाल्यांना फक्त नवं यंत्र शिकायचं होतं, आपल्याला यंत्राला आधी भाषा शिकवायची होती. नव्वदच्या दशकात श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा वेगवेगळ्या फॉन्टांत मराठी टाइप व्हायचं. एका मशीनवर केलेली पुस्तकांची यादी दुसऱ्या मशीनवर उघडली, की नुसती चिन्हांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण ती सर्वसामान्यांच्या पडद्यावर यायला विंडोज २००० आणि त्यानंतरची काही वर्षं जावी लागली. इनस्क्रिप्ट की बोर्ड शिका, नाहीतर बराहा टाकून रोमन अक्षरांतून मराठी उमटवा, अशी ती कसरत होती. ज्यांनी तेव्हा मराठीत ब्लॉग लिहिले, त्यांना हे सांगायला नकोच!

बरं, ग्रंथालयाची सॉफ्टवेअरं तर फुकटही होती. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेने जुनी यंत्रणा २००० सालात बंद पडेल या भीतीने 'कोहा' बनवून घेतलं आणि जगाला मोकळं करून दिलं. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. आपल्या एनआयसीनेही 'ई-ग्रंथालय' काढलं. पण सॉफ्टवेअर फुकट असलं तरी शिकायचा वेळ फुकट नसतो.

इथं २००६ ची अमेरिकेतली एक गोष्ट सांगायलाच हवी. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स या बाईंनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी '२३ गोष्टी' नावाचा कार्यक्रम आखला. नऊ आठवड्यांत तेवीस छोट्या गोष्टी करून बघायच्या. ब्लॉग काढा, फोटो चढवा, विकीत एक ओळ लिहा, आरएसएस जोडा, वगैरे. परीक्षा नाही, गुरुजी नाहीत, आपलं आपण खेळत शिकायचं. पूर्ण करणाऱ्याला एमपी-३ प्लेअर बक्षीस. ही कल्पना इतकी साधी होती, की बघता बघता जगभरच्या ग्रंथालयांनी ती उचलली. त्या तेविसातल्या कितीतरी गोष्टी पुढं राहिल्या नाहीत. डेलिशस संपलं, गुगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं. पण 'नवीन दिसलं की हात लावून बघायचं' ही सवय राहिली. शिकवायची होती ती तीच.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. २०१२ पासून पुढं कित्येक वर्षं 'ड' वर्गाच्या वाचनालयाला सालाला ३० हजार रुपये अनुदान होतं. त्यातला साधारण निम्मा भाग पगारावर खर्च करायचा. म्हणजे १५ हजार, भागिले बारा... महिन्याला साडेबाराशे रुपये! नंतर अनुदान वाढलं, पण पाया केवढासा होता ते लक्षात घ्या. एवढ्यात तो माणूस सकाळी कुलूप उघडणार, झाडून काढणार, पेपर लावणार, देवघेव बघणार, वर्गणी मागणार आणि शिवाय इंटरनेट शिकणार. शार्लटमध्ये शिकण्याबद्दल बक्षीस होतं. इथं तो स्वतःच्या मोबाइलचं रिचार्ज मारून शिकतो. तरी शिकतो, हे महत्त्वाचं. 'खेड्यातल्या ग्रंथपालांना टेक्नॉलॉजी जमत नाही' असं शहरात बसून म्हणणं फार सोपं आहे.

आणि एकदा तो शिकला, की त्याच्यासारखा शोधणारा दुसरा नाही. कसं ते सांगतो. त्या पोराने मोबाइलवर 'जालना जिल्हा इतिहास' टाकलं, तर भोकरदनबद्दलची जुनी माहिती निसटण्याची शक्यता फार. कारण जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधीचं सगळं औरंगाबाद जिल्ह्याच्या नावाखाली आहे, जुनं गॅझेटियर, उत्खननाच्या काळातलं लिखाण, सगळं. १९५६ च्या आधीचं हैदराबाद राज्याच्या नावाखाली. औरंगाबादचंही आता छत्रपती संभाजीनगर झालंय. प्राचीन काळाचं हवं तर 'भोगवर्धन' टाकायचं, आणि इंग्रजीत शेवटी 'ए' लावून 'भोगवर्धना'. एका गावासाठी इतकी नावं. यंत्राला ही साखळी आपोआप समजेलच असं नाही. ती गावात राहणाऱ्या माणसाला माहीत असते.

भाषेचे सापळे तर वेगळेच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर 'नांव', 'कांहीं' असे अनुस्वार आहेत. कॅटलॉगमध्ये मुखपृष्ठावरचं जसंच्या तसं टाइप केलं, तर आजच्या पद्धतीने शोधणाऱ्याला ते सापडत नाही. सुधारून टाइप केलं, तर पुस्तकाची नोंद चुकते. 'दुसऱ्या' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, साध्या शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये. त्याआधीच्या याद्यांत 'अ' वर चंद्र चढवलेला. आता यावर इलाज काय? तोच जुना, 'पाहा' कार्ड. दोन्ही रूपं नोंदवा आणि एकमेकांना जोडा.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तिथं 'पुनर्निर्देशन' नावाची सोय आहे. एक नाव टाकलं की आपोआप दुसऱ्या नावाच्या लेखावर जायचं. हे पाहा कार्डच की! २०१६ पासून विकिपीडिया दर वर्षी जगभरच्या ग्रंथपालांना आवाहन करतो, की प्रत्येकाने निदान एक संदर्भ जोडा. एकच. फार मोठं काम नाही. वाचनालयातल्या एखाद्या जुन्या स्मरणिकेतला, तालुक्याच्या इतिहासावरच्या पुस्तिकेतला, पान क्रमांकासकट एक संदर्भ. पण तो देऊ शकतो फक्त तोच, ज्याच्या कपाटात ती पुस्तिका आहे. अशा पुस्तिका दहा-दहा वर्षांत वाळवी खाऊन टाकते आणि त्यांची दुसरी प्रत कुठं असेलच याची खात्री नसते.

आत्तापर्यंत इंटरनेटवरून माहिती 'घ्यायची' कशी एवढंच आपण शिकवत आलो. तालुक्याच्या वाचनालयाकडून ती 'द्यायची' कशी, हे शिकवायचं राहिलंय. त्यासाठी मराठीतून साधं मार्गदर्शन हवं, बडोद्याने १९१२ मध्ये दिलं होतं तसं. शिकायला लागणारा वेळ पगारात धरायला हवा. आणि त्या माणसाचा पगार पगार म्हणण्याइतका हवा. मशीन, फायबर आणि ॲप ही त्यानंतरची गोष्ट.

तोवर, आपल्या गावातल्या वाचनालयात गेलात तर टेबलामागच्या माणसाला एखादा अवघड प्रश्न जरूर विचारा. नुसता पेपर चाळून निघून येऊ नका. प्रश्न विचारणारा वाचक आला, तरच उत्तर शोधायचं हत्यार शिकायला काही कारण उरतं.